चार चौकट

“मी ‘एक इस्पिक’ म्हटलं, आणि त्यावर तुम्ही ‘चार चौकट’ म्हटलंत,” युला हलक्या आवाजात म्हणाली. “म्हणजे मला काय सांगितलंत?”

एंगकू सोंपोतान उकडलेल्या शेंगा सोलत होते. टरफलं शर्टाच्या खिशात जात होती. तोमोहोनहून मनाडोकडे उतरणारी बस वळणावर आली की ते डाव्या हातानं पुढच्या सीटची दांडी धरत, वळण सरलं की पुन्हा शेंग हातात घेत.

“परीक्षा घेतेस?”

“उजळणी.”

“उजळणी कच्च्या पोरांची घेतात.” त्यांनी दोन दाणे तिच्या तळव्यावर ठेवले. “ही रीत तुला शिकवली कोणी, केके?”

“तुम्हीच.”

“मग झालं तर.”

झालं काहीच नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. युलानं दाणे तोंडात टाकले आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. पुन्हा विचारावं तर ते रागावतील. न विचारावं तर टेबलावर बसेपर्यंत डोक्यात तेच राहील.

मास्तरांना त्या डोंगराळ भागात एंगकू म्हणतात. सोंपोतानांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि शाळा सुटल्यावर त्याच बाकांवर पोरांना ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकवला होता. त्यामुळे निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गावात ते एंगकूच होते. युला काउनांग त्यांच्याकडे शिकली तेव्हा तेरा वर्षांची होती. आता ती त्रेपन्नाची, शेवंतीच्या मळ्याची मालकीण, हाताखाली सहा बायका. पण एंगकूंच्या लेखी अजून ‘केके’, म्हणजे पोरगी. गेली एकोणीस वर्षं ती त्यांची भिडू होती.

एकोणीस वर्षांत एकमेकांशी बोलण्याची एक भाषा त्यांनी तयार केली होती. ब्रिजमध्ये पानं दाखवता येत नाहीत, तोंडानं सांगता येत नाहीत. जे सांगायचं ते बोलीतून, आणि स्पर्धेत बोलीही तोंडानं नाही, छापील कार्ड समोर ठेवून. ‘चार चौकट’ ऐकून कुणाही परक्याला वाटेल की या माणसाकडे चौकटची लांबलचक रांग आहे. त्यांच्या ठरलेल्या भाषेत अर्थ अगदी उलटा होता: तुझी इस्पिकं मला पसंत आहेत, माझ्याकडेही त्यातली चार आहेत, माझा हात चांगला आहे, आणि चौकटचं माझ्याकडे एकच पान आहे किंवा तेही नाही. ज्याला रीत आठवते तो एक पान हातात धरून ही बोली लावणार. ज्याला आठवत नाही तो सात पानं धरून हीच लावणार. समोर बसलेल्याला दोन्ही वेळा कार्ड तेच दिसणार.

मंगळवारी एंगकूंच्या ओसरीवर सराव चालला होता. तिनं ‘एक इस्पिक’ म्हटलं, ते ‘चार चौकट’ म्हणाले, आणि डाव संपल्यावर त्यांनी चौकटची सात पानं टेबलावर मांडली. इस्पिकचं एकच होतं. युला त्या पानांकडे बघत राहिली. मग तिनं ती गोळा केली आणि पिसायला घेतली.

त्याच संध्याकाळी निघताना त्यांची बायको, तांते म्हणजे काकू लिन्ची, फाटकापर्यंत पोचवायला आली.

“परवा सकाळी यानं बाजारातून मासा आणला. दुपारी पुन्हा गेला, पुन्हा तोच आणला. मी म्हटलं, अरे, सकाळचा आहे ना. तर म्हणे, असू दे, पाहुणे येतील.” तिनं फाटकाची कडी घातली, पुन्हा काढली. “टेबलावर तू समोर असतेस. जरा बघ गं. आणि मी बोलले ते त्याच्या कानावर घालू नकोस.”

त्या दिवसापासून युला बघत होती. एंगकू चहात साखर घालत तरी ती मोजत होती.

* * *

मनाडोत चर्चच्या सभागृहात टेबलं मांडली होती. बारा जोड्या. दिवसअखेर पहिल्या तीन जोड्यांचा संघ मकासारला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. एंगकू प्रांताकडून शेवटचे खेळले त्याला अकरा वर्षं झाली होती; आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पुढची निवड दोन वर्षांनी. याबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नव्हतं. फक्त आज त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि पायात चर्चला जायचे बूट होते.

तिसऱ्या फेरीत तिला भीती होती ते झालं. युलाच्या हातात एक्के-राजे दाटीनं बसलेले. तिनं ‘दोन किलवर’ लावलं. या बोलीचा किलवरशी काही संबंध नसतो. माझा हात फार मोठा आहे, काहीही कर पण पास म्हणू नकोस, एवढाच तिचा अर्थ. हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक असतं. एंगकूंनी हिरवं पास कार्ड काढून ठेवलं.

समोरची दोन कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघून हसू दाबू लागली.

“तांते, तुमच्या आजोबांचा डोळा लागला वाटतं,” एक जण म्हणाला.

“तुझा उघडा ठेव,” युला म्हणाली. “गुलाम दिसतोय मला तुझा.”

पोरानं दचकून पानं छातीशी धरली. एंगकू हसले. पण पुढच्या डावाची पानं त्यांनी उचलली तेव्हा ती लावायला त्यांना फार वेळ लागला; एक पान ते तीनदा इकडून तिकडे करत होते.

गंमत अशी की बोली संपून खेळ सुरू झाला की ते जुनेच एंगकू होते. कुणी काय टाकलं, कुणाकडे काय उरलं, काही चुकत नव्हतं. पाचव्या फेरीत त्यांनी असा एक डाव काढला की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून बघायला आले. जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर गुण लागले तेव्हा ‘सोंपोतान – काउनांग’ चौथे होते, आणि तिसऱ्यापासून फार लांब नव्हते.

वोका नावाच्या ताडाच्या पानात बांधलेला पिवळा भात घेऊन युला पायरीवर बसली. तिच्या शेजारी नोल्डी वागेई येऊन टेकला. तो निवड समितीचा प्रमुख होता, आणि शाळेत तिच्या पुढच्या वर्गात होता. एंगकूंच्या छड्या दोघांनीही खाल्लेल्या.

“युला, खरं सांग. मकासारला सहा दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ. एंगकूंना झेपेल?”

“झेपेल.”

“तिसऱ्या फेरीतलं ऐकलं मी.”

“चुकतं कधी कधी. तुझं चुकत नाही?”

“माझं चुकतं तेव्हा लोक म्हणतात नोल्डी गाढव आहे. त्यांचं चुकलं की लोक गप्प बसतात.” त्यानं तिच्या पानातला माशाचा तुकडा उचलला. “तुझ्यासाठी म्हणतोय. देसीला भिडू नाही सध्या. खेळते चांगली. तू आणि तिनं जोडी लावलीत तर पुढच्या निवडीत मला फळ्याकडे बघायचीही गरज नाही.”

“माझा भात खाऊन वर मलाच फोडतोस?”

नोल्डी हसला आणि उठला. युलानं पान गुंडाळलं. अर्धा भात तसाच होता. आत एंगकू खुर्चीत ताठ बसून डोळे मिटून होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असतील, असं तिला वाटलं. मग दुसरंही वाटलं, आणि ते वाटू नये म्हणून ती हात धुवायला गेली.

* * *

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा ते तिसरे होते.

समोर फ्राउके मांदागी आणि तिचा नवरा यान. फ्राउकेचं मनाडोत कापडाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून भाव ठरवायची सवय ती पत्त्यांच्या टेबलावरही आणायची. फळ्यावर ती दोघं मधेच कुठेतरी होती. हरायची भीती नव्हती, म्हणून मोकळी खेळत होती. शेवटून दुसरा डाव आला. युलानं पानं उचलून पंखा केला.

इस्पिकची पाच पानं, एक्क्यापासून. बदामचा एक्का. किलवरचा राजा. आणि चौकटची चार क्षुद्र पानं: अठ्ठी, छक्की, चव्वी, दुरी.

तिनं ‘एक इस्पिक’ ठेवलं. यान पास. एंगकूंनी चष्मा वर सरकवला, बोलींच्या पेटीवर हात नेला, आणि तिच्यासमोर ‘चार चौकट’ आलं.

युलानं निळं कार्ड पुढे सरकवलं. भिडूच्या बोलीला दिसतो त्याहून वेगळा अर्थ असला की ते दाखवावंच लागतं.

“काय अर्थ?” फ्राउकेनं विचारलं. तो तिचा हक्क होता.

“इस्पिक चार तरी. हात चांगला. चौकट एक किंवा शून्य.”

“नक्की ठरलेलं आहे ना? की अंदाज?”

“ठरलेलं आहे.”

फ्राउके पास. आता युला.

हे सगळं जर खरं असेल, तर तिच्या हातासारखा हात नाही. चौकटचं पहिलं पान गेलं की बाकीची तीन त्यांच्या हुकमांनी कापली जाणार; एक्के आणि राजे नेमके लागतात तिथे. बोलीत जेवढं कबूल कराल तेवढ्याचेच मोठे गुण. ‘चार इस्पिक’ म्हणजे तेरापैकी दहा हात जिंकायचं कबूल केलं, ‘सहा इस्पिक’ म्हणजे बारा. कबूल न करता बारा घेतले तर वरचे दोन जवळजवळ फुकट. सगळ्या टेबलांवर हीच पानं फिरणार होती, आणि चांगल्या जोड्या इथे सहावर जाणार होत्या. तिनं फक्त एक्के विचारायचे होते.

खरं असेल तर.

तिच्या डोळ्यांसमोर पत्ते नव्हतेच. ओसरीवरचं टेबल होतं, आणि त्यावर एकाखाली एक लावलेली सात चौकट. आता तशीच असतील तर? सहा इस्पिक म्हणायचं आणि एंगकूंनी सगळ्यांदेखत ती सात पानं मांडायची. कबूल केल्यापेक्षा चार-पाच हात कमी येऊन पडणं एक वेळ परवडलं. पण फ्राउकेचं तोंड, ती पोरं, फळ्याजवळ उभा असलेला नोल्डी. उद्या रविवार, चर्चच्या पायऱ्यांवर निम्मं तोमोहोन.

तिनं दुरी अठ्ठीच्या जागी नेली, परत आणली. पेटीला हात लावला आणि काढून घेतला. एंगकूंकडे बघायचं नाही म्हणून ती त्यांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होती. यान खोकला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येऊ लागला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी पुढचा डाव उघडला.

‘चार इस्पिक’ म्हटलं की दोन्हीकडून सुटका होती. त्यांना आठवत असेल तर दहा हात सहज. विसरले असतील तरी ओढूनताणून होतील, किंवा थोडक्यात पडू. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तिनं ‘चार इस्पिक’ ठेवलं.

यान पास. एंगकूंनी तिच्या कार्डाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पानांकडे. त्यांचा हात पेटीवर गेला, बोलींच्या कार्डांवर एक क्षण थांबला. मग पुढच्या कप्प्यातलं हिरवं कार्ड त्यांनी काढलं आणि हळूच ठेवलं. पास.

गोंधळलेत, असं युलाला वाटलं. बरं झालं मी चारवर थांबले.

यानने बदामची राणी टाकली. आता एंगकूंनी पानं उघडी करायची. ती त्यांनी आयुष्यभर मांडली तशी मांडली, हुकूम आधी, रंगामागून रंग, कडा जुळवून. इस्पिक: राजा, राणी, नव्वी, चव्वी. बदाम: राजा, अठ्ठी, तिरी. किलवर: एक्का, राणी, आणि खाली तीन. मग एकटं एक पान, टेबलाच्या कडेला.

चौकटची सत्ती.

“थँक यू, एंगकू,” युला म्हणाली. असं म्हणायची रीत असते. 

बारा हात मोजायला तिला डाव खेळावाही लागला नाही. एक चौकट सोडली की बाकी सगळं तिचं. तिनं पानं उलगडून दाखवली, आणि यानने मान डोलावली.

फ्राउके मात्र पानं पाकिटात घालता घालता थांबली.

“अगं युला, एक विचारू? मला तू छातीठोक सांगितलंस, चौकट एक किंवा शून्य. मग स्वतः का नाही विश्वास ठेवलास?”

“हात हलका वाटला.”

“हा हात हलका?” फ्राउकेनं तिचा बदामचा एक्का उचलून धरला. “बाई गं, ठरलेलं आहे म्हणालीस म्हणून मी गप्प बसले. भिडूचा भरवसा नसेल तर तसं सांगायचं आम्हाला. मीही हिशेबानं खेळते मग.”

“फ्राउके,” यान म्हणाला.

“मी काय वाईट बोलले? खेळाचंच बोलतेय.”

खेळाचंच होतं, आणि अक्षर न् अक्षर बरोबर होतं. युलानं एंगकूंकडे पाहिलं. ते स्वतःचं पेन्सिलीचं टोक बघत होते. मग त्यांनी गुणांच्या कागदावर, शाळेत फळ्यावर काढायचे तसा सुबक चार काढला आणि त्यापुढे इस्पिक.

शेवटच्या डावात काही नव्हतं. सगळीकडे सारखंच झालं.

चार वाजता नोल्डीनं फळा पुसून शेवटचे आकडे लिहिले. सहापैकी चार टेबलांवर तो डाव सहा इस्पिकवर गेला होता. सोंपोतान – काउनांग चौथे. तिसऱ्या जोडीपेक्षा पाच गुणांनी मागे. तिसरी आली ती तिसऱ्या फेरीतली कॉलेजची पोरं. एंगकू उठले, त्यांच्यापाशी गेले, दोघांचे हात हातात घेऊन त्यांनी जोरानं हलवले. मघाशी हसलेला पोरगा आता मान वर करेना.

“मकासारला जरा पानं आत धरून खेळ,” एंगकू त्याला म्हणाले. “तिथली माणसं माझ्या भिडूसारखी सांगून बघत नाहीत.”

* * *

परतीच्या बसमध्ये ती दोघं चालकाच्या मागच्या सीटवर बसली. घाट सुरू झाला तशी हवा गार झाली, आणि एंगकूंनी गळ्याशी बटण लावलं. तीन वळणं गेली.

“एक विचारू?” युला म्हणाली.

“उजळणी?”

“नाही.” तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. “एक्के-राजे-राण्या मोजल्या तर तुमच्याकडे चौदा गुणांचा हात होता. त्या बोलीला अकरा पुरतात. मी चारवर थांबले तरी तुम्ही एकदा पुढे विचारू शकला असता. पेटीवर हात नेला होतात.”

“नेला होता.”

“मग?”

“तू केवढी थांबलीस.” ते समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होते. “फटकन ‘चार इस्पिक’ म्हणाली असतीस, तर मी पाच किलवर लावून तुला पुढे विचारलं असतं. मनात आलंच होतं. पण तू थांबलीस. थांबलीस म्हणजे हात मोठा आहे, हे मला कळलं. पत्त्यांवरून नाही, बोलीवरून नाही. तुझ्या श्वासावरून कळलं. तसं कळलेलं वापरायचं नसतं, केके. आठवीत शिकवलंय तुम्हाला.”

युलाला आठवलं. आठवीच्या वर्गात त्यांनी एका पोराला याच कारणासाठी टेबलावरून उठवलं होतं. भिडू घुटमळला ते बघून त्यानं बोली चढवली होती, डाव जिंकला होता, आणि एंगकूंनी कागद फाडला होता.

म्हणजे त्यांना चार चौकट आठवत होतं. तिचा अर्थ आठवत होता, आपला हात किती मोठा ते कळत होतं, तिचा हात मोठा आहे हेही कळलं होतं. बारा हात त्यांना तिथे बसल्या बसल्या दिसत होते. आणि त्यांनी हिरवं कार्ड ठेवलं होतं.

“आता मी विचारतो,” एंगकू म्हणाले. “का थांबलीस?”

समोरून वाळूचा ट्रक उतरत होता. त्याला वाट द्यायला बस कडेला झाली, थांबली, पुन्हा निघाली. ते वाट बघत होते. वर्गातही ते असेच बघायचे. उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला विचारायचे नाहीत.

“मला वाटलं, तुम्ही विसरलात.”

त्यांनी मान हलवली. गणिताची पायरी बरोबर आली की हलवायचे तशी.

“मंगळवारी विसरलोच होतो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पानं मांडली तेव्हा माहीत नव्हतं. तू पिसायला घेतलीस तेव्हा कळलं.” ते किंचित हसले. “वर्षापूर्वी तू टेबल डोक्यावर घेतलं असतंस. एंगकू, ही काय बोली, एंगकू, कुठे लक्ष आहे. लिन्ची स्वयंपाकघरातून धावत आली असती. या वेळी तू काही बोलली नाहीस. गुपचूप गोळा केलीस. म्हटलं, प्रकरण मोठं आहे.”

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले, आणि दोन्ही कुणी बघू नये म्हणून तिनं काचेकडे तोंड केलं.

“गणितानं बघशील तर तुझं बरोबर होतं,” एंगकू पुढे म्हणाले. “हल्ली दहातून तीनदा तरी निसटतं. आज सकाळी तू बसमध्ये विचारलंस, तेव्हाही निसटलं होतं. आठवतंय असं दाखवलं. दुपारी भात न खाता सगळ्या बोली पहिल्यापासून म्हणत बसलो, तेव्हा कुठे जागेवर आली.”

“मग माझं चुकलं कुठे?”

प्रश्न तिनं खरोखरच विचारला होता. 

“तू माझीही बोली लावलीस. ते एका माणसाचं काम नाही.” त्यांनी खिशातली टरफलं चाचपली. “मी ‘चार चौकट’ म्हटलं की माझ्याकडे एकच चौकट आहे असं धरून चाल. नसेल तर पडू दे.”

“सहा बोलून, चार हातांनी पडू?”

“पडू. दोघं मिळून पडू. लोक हसतील, आपण घरी येऊ, तू माझ्यावर ओरड. पण टेबलावर मला सांभाळू नकोस. सांभाळायला घरी लिन्ची आहे, ती भरपूर सांभाळते.”

“आणि पुन्हा विसरलात तर?”

“तर पुन्हा पडू.” मग जरा थांबून, “तुला नको असेल तर तसं सांग. देसीला भिडू नाही सध्या. नोल्डीला मी भात खाताना पाहिलं, तुझ्या पानातला.”

युलानं नाक पुसलं.

“देसी फार बडबडते,” ती म्हणाली.

“ते आहे.”

घाट संपला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्यांच्या रांगा लागल्या. तिच्याच मळ्यातली पिवळी शेवंती एका दुकानापुढे होती, पाणी न घातलेली. काकास्कासेनच्या चढावर बस हळू झाली तसे एंगकू उठले आणि त्यांनी चालकाच्या पाठीमागच्या पत्र्यावर टकटक केलं.

“थांबव रे इथे.”

त्यांचं घर इथून दोन थांबे पुढे होतं.

ते सांगायला युलाचं तोंड उघडलं, आणि मिटलं. बस थांबली होती. एंगकू दांडी धरून, चर्चचे बूट एकेका पायरीवर नीट टेकवत, खाली उतरत होते. उतरल्यावर त्यांनी मागे पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेनं, डोंगराकडे चढत जाणारी एक अरुंद वाट होती. त्यांनी शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर केल्या आणि त्या वाटेला लागले.

“तांते, उतरायचंय की पुढे जायचंय?” चालकानं आरशातून विचारलं.

तिनं पिशवी उचलली आणि उतरली.

वाट दगडांची होती. थोडं भरभर चालून तिनं त्यांना गाठलं आणि ती त्यांच्या डाव्या बाजूला झाली. दोन्ही बाजूंना कुंपणं होती, एका अंगणात वाळत घातलेल्या लवंगांचा वास होता. ही वाट कुठे जाते ते तिला माहीत नव्हतं. त्यांना माहीत आहे की नाही, ते तिनं विचारलं नाही.

“चढ आहे,” एंगकू म्हणाले.

“असू दे,” युला म्हणाली, आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागली.